पल्लवी सुनील साळवे जातीचा दाखला

"ह्या लोकांना फाइलला नावसुद्धा धड देता येत नाही," सर म्हणाले. अख्खा फ्लोअर हसला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर फाइलचं नाव दिसत होतं : पल्लवी सुनील साळवे जातीचा दाखला.

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते.

आमचं ऑफिस अंधेरीत. एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज आमच्या सर्व्हरवर जमा होतात आणि तिथून मेलने ट्रस्टला जातात. मेल पाठवायला कुणी बसत नाही. काळ्या पडद्यावर, टाइप केलेल्या हुकमांवर चालणारा प्रोग्राम आहे. त्याला पत्ता आणि जोडायच्या फाइलचं नाव दिलं की झालं. ती कमांड सरांनी लिहिलेल्या स्क्रिप्टमधून, म्हणजे अशा हुकमांच्या यादीतून, रोज आपोआप सुटते. त्या दुपारी ट्रस्टचा फोन आला. बऱ्याच मुलींचे दाखले पोचलेच नव्हते. पाचपर्यंत आले नाहीत तर अर्ज बाद.

पल्लवी माझ्याच वस्तीतली, घाटकोपरच्या टेकडीवरची. रविवारी बुद्धविहारात आम्ही पोरींचे फॉर्म भरून देतो. कॉम्प्युटर एकच. सगळ्यांच्या फाइलचं नाव नुसतं 'दाखला' ठेवलं की एकीचा दाखला दुसरीच्या अर्जाला लागतो. एकदा लागला, आणि एका पोरीचं वर्ष गेलं. तेव्हापासून आमचा नियम आहे, फाइलवर मुलीचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पल्लवीची फाइल मीच सेव्ह केली होती.

आणि तरी मी हसले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, "पूर्ण नाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. त्यानंतर सर्व्हरचं काम माझ्याकडे नावापुरतं उरलं, टायपिंग मात्र ढीगभर. डबा खायला कुणी हाक मारेना. मी सगळ्यांच्या विनोदांवर हसत राहिले. हसलं की सांभाळून घेतील, असं वाटायचं. काय लाज वाटते आता त्या हसण्याची!

"ट्रस्टला मेल लिही," सर म्हणाले. "उमेदवारांनी चुकीच्या नावाने फाइल दिल्या, सबब अर्ज बाद करावेत. तुझ्या नावाने पाठव. तू त्यांच्यातलीच ना, ट्रस्टवाले तुझं ऐकतील."

चार वाजून गेले होते.

मी टाइप करायला बसले. 'उमेदवारांनी' एवढं लिहिलं आणि हात थांबला. पल्लवीच्या खोलीत सहा माणसं. अभ्यासाला ती विहाराच्या पायरीवर बसते. वसतिगृह म्हणजे तिचं पुढचं सगळं शिक्षण, आणि ते मी माझ्या हाताने पुसायचं? अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस झाला नव्हता, याचा जास्त झाला.

स्क्रिप्ट उघडली. जिथे फाइलचं नाव येतं, तिथे अवतरणचिन्हं घातलीच नव्हती. म्हणून प्रोग्राम प्रत्येक नाव मोकळ्या जागेवर तोडत होता. 'पल्लवी' एवढ्याच नावाची फाइल शोधायचा, ती सापडायची नाही, मेल जायचा नाही. आणि चूक झाली असं सांगणारी सूचना सरांनीच बंद करून ठेवलेली. क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात हो ही गोष्ट!

"सर, चूक मुलींची नाहीय. स्क्रिप्टची आहे."

"तू मला शिकवणार?"

"हो."

कुणी हसलं नाही. मी माझा पडदा मोठ्या स्क्रीनवर लावला, सगळ्यांसमोर नावाच्या दोन्ही बाजूंना चिन्हं घातली आणि एंटर दाबलं. मेल एकामागून एक सुटले. पाचच्या आत ट्रस्टचं उत्तर आलं, सगळे दाखले मिळाले. सर उठून केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र होतं. परवानगी न घेता सर्व्हरवर बदल केला, लेखी माफीनामा द्या.

मी लेखी दिलं. स्क्रिप्ट कुणाची, चूक कुठल्या ओळीत, मला कुठला मेल पाठवायला सांगितलं होतं आणि कुठल्या शब्दांत, सगळं. खाली सही केली, पूर्ण नावाने. माफीचा एक शब्द त्यात नाही.

नोकरीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. काढायचं तर काढा. रविवारी विहारात मी पोरींना तो काळा पडदा शिकवायला घेतलाय, पल्लवी पहिल्या रांगेत बसते. आणि जोवर त्या फ्लोअरवर आहे, तोवर आमच्या नावावर जो हसेल त्याला तिथल्या तिथे विचारणार, काय हसण्यासारखं आहे, सांग. मी पुन्हा हसणार नाही.