टाकीवरचे ठोके

कुलदेवीची ओटी भरून परत निघावं, वाटेत गाडी बंद पडावी आणि शेजारच्या सीटवर नवरा छाती धरून बसलेला असावा, अशा वेळी माणसाच्या मनात आधी तक्रारच येते. माझ्याही आली. आत्ताच तर तुझ्या पायावर डोकं ठेवून आले, मग हे काय?

वाशिमजवळच्या मालेगावात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आम्ही दोघंही काउंटरवर बसतो, त्यामुळे गाडीचं मला बऱ्यापैकी कळतं आणि आमची जुनी पेट्रोलची गाडी मीच सांभाळते. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी पडत गेली की तो तापतो आणि लवकर जातो. म्हणून मी काटा कधी फार खाली जाऊ देत नाही, फिल्टरही वेळेवर बदलते. एवढं जपूनही जे व्हायचं ते त्याच दुपारी झालं.

देवीच्या गावाहून शेलूबाजारकडे येणारा तो आडरस्ता. ऊन रणरणत होतं. ह्यांना अचानक दरदरून घाम फुटला, हात जड झाला, बोलता येईना. मी वेग वाढवला, तेवढ्यात गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून पंपाची बारीक घरघर ऐकू येते, ती येईना. पंप बसला, हे मला जागच्या जागी समजलं. उपायही माहीत होता. टाकीवर खालून ठोकलं तर अडकलेला पंप कधी कधी थोडा वेळ चालतो. पण एकानं खाली ठोकायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं किल्ली फिरवायची, तर जमतं. ह्यांना हात उचलवत नव्हता. मी ठोकून धावत येऊन किल्ली फिरवून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी गाडीला टेकून मी देवीला म्हणाले, "माय, मले येत होतं तेवढं करून झालं. आता तूच पाय काय करायचं ते."

डोळे पुसून पाहते तो समोरच्या कडुलिंबाखालून एक बाई येत होती. डोक्यावर गाठोडं, पायांत झिजलेल्या चपला.

"काय झालं वं बाई? गाडी काहून उभी केली?"

"बंद पडली. यायच्या छातीत दुखून राह्यलं. तुमी मले थोडी मदत करता का?"

"सांग नं, काय करू?"

डिकीतून चाकाला लावायचा लाकडी ठोकळा काढून मी तिच्या हातात दिला आणि टाकी दाखवली. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि तापलेल्या धुळीत सरळ आडवी होऊन गाडीखाली शिरली.

"ठोकू का?"

"ठोका! थांबू नका!"

खालून ठोके सुरू झाले. मी किल्ली फिरवली. काही नाही. "अजून जोरानं!" मी ओरडले. पुन्हा फिरवली, आणि मागून ती घरघर आली. इंजिन लागलं.

"झाली वं सुरू!" केसांतली धूळ न झटकताच ती बाहेर आली. "कुठं नेतं यायले?"

"वाशिमले."

"मंग मी बी येतो," म्हणत ती गाठोड्यासकट मागे बसलीसुद्धा. मागून ह्यांचे खांदे धरून ती पदरानं वारा घालत राहिली. "दादा, डोये मिटू नका. माह्यासंग बोला."

आता इंजिन बंद करून चालणार नव्हतं. शेलूबाजारच्या डॉक्टरांना मी गाडीतूनच हाका मारल्या. ते धावत बाहेर आले, गाडीपाशीच ह्यांना तपासून गोळी दिली, पुढे वाशिमला फोन लावला आणि म्हणाले, "थांबू नका, निघा." वाशिमच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, तेव्हाच मी किल्ली काढली. वेळेवर आणलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ह्यांचा धोका टळला.

त्या धावपळीत ती बाई कुठं गेली, कळलं नाही. साधं नावही विचारलं नव्हतं. दिवस मावळताना तीच मला शोधत आली, चेहरा फुललेला.

"नात झाली मले! लेक इथंच बाळंतपणाले होती. माही जीप हुकली नं बाई. लिंबाखाली डोये मिटून देवीले म्हणून राह्यली होती, एखादी गाडी तं उभी कर माह्यासाठी. अन् तुमची गाडी माह्या पुढ्यातच येऊन उभी राह्यली!"

तिला देवीनं माझ्यासाठी धाडलं, असं मी दिवसभर धरून बसले होते. तिच्या लेखी देवीनं माझी गाडीच तिच्यासाठी थांबवली होती. मला रडू आलं आणि हसूही. तिनं मला जवळ घेतलं.

पुढे गाडी ओढून मालेगावला आणली आणि आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं मागची सीट काढून पंप बदलला. टाकीत कचरा पडू नये म्हणून झाकण उघडण्याआधी मीच वरची धूळ पुसून घेतली. जुना पंप आतून झिजला होता. त्याचं आयुष्य संपलं होतं, इतकंच. नवा बसवला, किल्ली फिरवली, घरघर ऐकली आणि मन शांत झालं.

गाडी मी आजही तितकीच जपते. फक्त इतकं जपलं म्हणजे वाटेत काही होणार नाही, असा करार आता देवीशी करत नाही. माझ्या हातातलं मी नीट करते आणि उरलेलं निर्धास्तपणे तिच्यावर सोडते. त्या दुपारी तिनं कुणाचं ऐकलं, माझं की त्या बाईचं, हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. आम्हा दोघींना तिनं एकाच गाडीतून नेलं, माझं मन त्यातच भरून येतं.