विहिरीवर पडलेल्या मुली

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा दानम्मा तेरा वर्षांची होती. तिला जिल्ह्याचं फारसं कौतुक नव्हतं, पण जिल्ह्याचा स्वतःचा खो-खोचा संघ निघणार म्हटल्यावर ती हरखून गेली. आजवर उदगीरच्या पोरींना उस्मानाबादेच्या संघात कोण विचारत होतं? तिचे वडील चंद्रप्पा यांचं किराणा दुकान होतं. पोरीनं चड्डी घालून मैदानात पळावं हे त्यांना पटत नव्हतं, पण शाळेचे क्रीडाशिक्षक साहेबराव सर दुकानात येऊन बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "अप्पा, ही पोरगी जिल्ह्याचं नाव काढणार. लिहून ठिवा." अप्पांनी मान हलवली.

सरांनी तिला घडवलं, हे दानम्मानं पुढे कधी नाकारलं नाही. खांबाला वळसा घालताना अंग कसं टाकायचं, समोरचीचे डोळे बघून ती कुठल्या बाजूला निसटणार ते कसं ओळखायचं, हे सगळं त्यांचंच. मार दिला तोही त्यांनीच. तेव्हा तिला दोन्हींचा अभिमान वाटायचा.

शहाऐंशीच्या जानेवारीत लातूरला नांदेडच्या संघाशी सामना ठरला. त्यातून राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं भांडणं, तिथं मैदानावर मारायला पाणी कुठलं? काळ्या मातीला मनगट शिरेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. नांदेडच्या मुलींबरोबर आलेल्या सिंधुबाईंनी मैदानाला एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "सर, पोरींचे पाय जातील इथं. आठवडाभर पुढं ढकलू. निदान भेगा तरी बुजवून घेऊ."

"भेगा काय आजच्या हायत?" साहेबराव सर हसले. "ज्याला भ्या वाटतंय त्यानं परत जावं."

पहिल्याच डावात खांबापाशी वळताना दानम्माचा उजवा पाय भेगेत गेला. अंग पुढं गेलं, पाय मागंच राहिला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. सरांनी तिला बाजूला ओढलं, अंगठ्यानं घोटा दाबला. तिनं ओठ चावला.

"मुरगळलाय नुसता. मोडला असता तर बोंबलली असतीस."

"सर, पाय टेकत न्हाई."

"टेकतो का न्हाई ते मी सांगतो." त्यांनी स्वतःच्या रुमालानं घोटा करकचून बांधला आणि दुसऱ्या डावात तिला पुन्हा आत ढकललं. ती सात मिनिटं पळाली. तीन मुली बाद केल्या. लातूर एका गुणानं जिंकलं. सगळ्या पोरी नाचत होत्या तेव्हा ती मैदानाच्या कडेला बसून रुमालाची गाठ सोडवायचा प्रयत्न करत होती, आणि सूज एवढी चढली होती की गाठच सापडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाय वांग्यासारखा काळानिळा झाला. त्याच दिवशी सर पुन्हा दुकानात आले. बरोबर शाळेच्या शिक्क्याचं पत्र होतं. 'सदर विद्यार्थिनी घरी विहिरीवरून पाणी आणताना पाय घसरून पडली.' दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुखापतीवरून शिक्षण खात्याची त्यांना ताकीद आली होती, आणखी एक झाली असती तर संघ हातचा गेला असता. पण अप्पांना त्यांनी ते सांगितलं नाही.

"अप्पा, मैदानावर पाय मोडला म्हटलं तर पोरीला कोण सून करून घेईल? पाणी आणताना पडली म्हटलं की घरकामाची पोर दिसते."

दानम्मा आतल्या खोलीतून ऐकत होती. तिला वाटलं, अप्पा आता उठतील, पत्र फाडतील. अप्पा म्हणाले, "हाव, हे बरोबर बोललात."

त्यांची विहीर दिवाळीपासून आटलेली होती. तळाशी पोरांनी टाकलेली खापरं दिसत होती.

शाळेच्या रजेच्या अर्जात तेच लिहिलं गेलं, निवड समितीकडंही तेच गेलं. मैदानावर जायबंदी झालेल्या मुलीची शिबिरातली जागा वर्षभर राखून ठेवत. घरी पडलेलीला ती मिळत नसे. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली.

आई उमादेवीनं तिला गल्लीतल्या मकबूलचाचांकडं नेलं. हाड बसवण्यात त्यांचा हात अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. त्यांनी घोटा हलकेच दोन्ही बाजूंना वळवला आणि हात काढून घेतला. "बेटी, हाड बसवता येतं. आतली दोरी तुटली तर मी काय बांधू? हे माझ्या हातचं न्हाई. नांदेडला रियाज डॉक्टर हाय, खेळणाऱ्यांचेच पाय बघून राहिलाय. तिकडं जा."

रियाज डॉक्टर मोठ्या पदवीसाठी खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यांवर प्रबंध लिहीत होते. त्यांनी घोटा तपासला, एक्स-रे काढला. हाडाचा टवका उडालेला, बाहेरच्या बाजूचे दोन अस्थिबंध तुटलेले. सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. मग त्यांनी तिचा कागद चाळला आणि शाळेचं पत्र वाचून तो वेगळ्या गठ्ठ्यात टाकला.

"तो गठ्ठा कशाचा?" तिनं विचारलं.

"घरगुती दुखापती. माझ्या अभ्यासात फक्त मैदानावरच्या येतात, आणि त्याच कमी पडतायत."

"मी मैदानावरच पडले."

"पत्रात विहीर आहे. कागदाच्या बाहेर मला जाता येत नाही, दानम्मा."

पाय मोडला तेव्हा ती रडली नव्हती, शिबिर गेलं तेव्हा रडली नव्हती. पण आपला घोटा मोजलासुद्धा जाणार नाही म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. प्लास्टरचा पाय ओढत ती दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "डॉक्टर, मला इथं काम द्या. कसलंबी. तुम्हाला पाय कमी पडून राहिलेत ना? मी आणते."

आई पाठीशी राहिली. अप्पांशी भांडून तिनं पोरीला नांदेडच्या मावशीकडं ठेवलं. डॉक्टरांकडं दानम्मा टेप धरायला शिकली, सूज मोजायला, पट्टी बांधायला शिकली. सुताराकडून करून घेतलेल्या डुगडुगत्या फळीवर पेशंटना उभं करायला शिकली. तुटलेल्या घोट्याला तोल पुन्हा शिकवावा लागतो, हे डॉक्टरांचं म्हणणं. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं आणि सेकंद मोजायचे. निरोगी पाय अर्धा मिनिट सहज टिके. तिचा उजवा चार सेकंदांत कलंडे.

सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं फिरायची. उदगीर, देवणी, निलंगा, औराद. जिथं जिथं साहेबराव सरांनी मुली खेळवल्या होत्या तिथं. काही लग्न होऊन गेलेल्या, काही डोक्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या. ती रांगेतच त्यांच्या पायाशी बसून टेप लावायची.

देवणीकडच्या एका वस्तीवर तिला रईसा भेटली, पूर्वी संघात डाव्या खांबाला खेळणारी. रईसानं ट्रंकेतून कागद काढला. शिक्का तोच, अक्षर तेच. 'विहिरीवरून पाणी आणताना.'

"तुमच्याकडं विहीर कुठं हाय?" दानम्मानं विचारलं.

"विहीर?" रईसा हसली. "आमच्या वस्तीला कधीच विहीर नव्हती. आम्ही ओढ्याच्या झऱ्याचं पाणी पीत होतो."

त्या एसटीत परतताना दानम्माला जो आनंद झाला तो तीन मुली बाद केल्यावरही झाला नव्हता. सराचं मानगूट हातात आल्यासारखं तिला वाटलं. दोन वर्षांत तिनं तेवीस पाय शोधले. त्यातल्या अकरा जणींकडं पत्रं निघाली. अकराही विहिरीवर पडलेल्या. विहिरी मात्र चारच गावांत होत्या आणि त्याही त्या त्या सालात कोरड्या.

डॉक्टरांना तिनं कागद दाखवले. त्यांनी ते एकेक करून वाचले. "आकडे मी घेईन. त्याच दिवशी पुन्हा खेळवलेल्या मुलींचे घोटे वर्षभरात परत परत वळतात, हे यातून स्पष्ट दिसतं. पण प्रबंधात कुणाचं नाव येत नसतं."

"मला नावच पाह्यजे."

"बदला घ्यायला संशोधन करत नसतात."

"तुम्ही तुमच्यासाठी करा. मी माझ्यासाठी करते."

त्याच वर्षी साहेबराव सरांचं नाव आदर्श क्रीडाशिक्षक म्हणून पुढं गेलं. दानम्मानं शिक्षण खात्याकडं तक्रार केली, तिला आपल्या आणि त्या अकराही जणींच्या पत्रांच्या नकला जोडल्या. गावच्या तलाठ्यांकडून विहिरी आटल्याचे दाखले मिळवले, तेही जोडले. लातूरला चौकशी लागली. ती नऊ जणींना घेऊन गेली. दोघींच्या सासरच्यांनी येऊ दिलं नाही.

चौकशी अधिकारी कंटाळलेले गृहस्थ होते. सर पांढऱ्या सफारीत आले. दानम्माला बघून म्हणाले, "साहेब, या पोरींना मी चालायला शिकवलं. आज कुणी तरी शिकवून पाठवलंय. पाय ठणठणीत हायत, बघा ना."

"बघाच," दानम्मा म्हणाली. तिनं सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. "साहेब, तुमच्या घड्याळात बघा. डोळे मिटा गं. मोडलेल्या पायावर."

दहाही जणींनी पाय उचलले. दहा मोजायच्या आत सगळ्या ढळल्या. रईसा टेबलावर आदळली, शाईची दौत सांडली. मग दानम्मानं सरांकडं बोट केलं. "आता सरांना उभं करा." सर उठले नाहीत. पण अधिकाऱ्यांचा शिपाई दारात उभा होता, तो गंमत म्हणून डोळे मिटून एका पायावर उभा राहिला आणि मिनिटभर हलला नाही.

अधिकाऱ्यांनी पत्रं आणि दाखले शेजारी शेजारी ठेवले. "साहेबराव, या वस्तीवर विहीरच नाही. पोरगी पडली कशात?"

सरांनी समोरचं पत्र उलटं करून ठेवलं. दानम्मानं त्यांच्याकडं बघणं थांबवलं नाही.

पुरस्कार गेला, संघ गेला. वेतनवाढ रोखून त्यांना एका लांबच्या शाळेत टाकलं, जिथं मैदानच नव्हतं. पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही. प्रत्येक मुलीला दुरुस्त पत्र द्यावं, अशी तिनं मागणी लावून धरली आणि ती मान्य झाली. तिचं धरून बारा पत्रं सरांना स्वतःच्या हातानं लिहावी लागली.

आपलं पत्र घेऊन ती उदगीरला दुकानात गेली. बाजारचा दिवस होता, गिऱ्हाईक दाटलेलं. तिनं पत्र तराजूपाशी ठेवलं.

"अप्पा, वाचा."

"घरी वाचतो."

"इथं वाचा. मोठ्यानं."

चंद्रप्पांनी चष्मा लावला. 'मैदानावर खेळताना' या शब्दांशी ते अडले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं. ती परत निघाली तेव्हा उमादेवी दारात होती. म्हणाली, "बापाला एवढं खाली बघायला लावलंस."

"हाव," दानम्मा म्हणाली. "लावलं."

रियाज डॉक्टरांच्या प्रबंधात एकाहत्तर घोटे आहेत. चौसष्टावा तिचा. नाव नाही, फक्त वय, बाजू आणि सेकंद.

पुढं किनवटकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात तिला पोरींच्या दुखापती बघायची नोकरी लागली. तिथल्या पोरी अनवाणी खेळत आणि तिला विचारल्याशिवाय कुणी शिक्षक मुरगळलेल्या पोरीला मैदानात उतरवत नसे. एकदा एकानं उतरवली, तेव्हा तिनं चालू सामन्यात मैदानातला खांब धरून बसकण मारली, सामना रद्द होईतो उठली नाही.

बऱ्याच वर्षांनी साहेबरावांची सून तिला शोधत आली. म्हातारे न्हाणीत पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालं होतं, पण पाय टाकायची हिंमत होत नव्हती. "डॉक्टर म्हणले, व्यायाम करून घेणारं कुणी तरी पाह्यजे. मामंजींनीच तुमचं नाव घेतलं. म्हणले, तिच्यासारखं दुसरं कुणी न्हाई."

दानम्मा ऐकून घेत होती. कोणता व्यायाम आधी, कोणता नंतर, काठी कुठल्या हातात, सगळं तिच्या जिभेवर होतं.

"मी लेकरांचेच पाय बघते," ती म्हणाली.

सून उन्हात थोडा वेळ थांबली आणि गेली. साहेबराव पुन्हा चालले नाहीत, असं नंतर कळलं. रईसानं एकदा विचारलं, वाईट वाटलं का गं? दानम्मानं खरं सांगितलं. वाईट वाटावं म्हणून तिनं दोन दिवस वाट बघितली होती. वाटलं नाही.