नगराध्यक्ष गेले म्हणून बाजार बंद?

माझ्या बापाच्या नावाने उद्या कुणीही दुकान बंद ठेवायचं नाही.

आज सकाळी बाबा गेले. चार वेळा या शहराचा नगराध्यक्ष झालेला माणूस.

दुपारी अग्नी देऊन घरी आलो आणि बघते तर ग्रुपवर पोस्टर फिरतंय. हार घातलेला बाबांचा फोटो. खाली, "उद्या शहर कडकडीत बंद."

कुणाला विचारलंत? आईला? मला?

विसरला असाल तर सांगते.

बाबांच्या पहिल्या टर्ममध्ये त्यांच्याच पक्षाचा मोठा नेता वारला. पक्षाने बंद पुकारला. कार्यकर्ते मासळी बाजारात शिरले, कोळणींना उठवायला लागले.

पार्वतीमावशीने बाबांना निरोप धाडला, "भाऊ, म्हावरं उद्यापर्यंत टिकत नाय. आमी काय करायचं?"

बाबा आले. स्टूल मागवलं आणि बाजाराच्या तोंडाशी ठाण मांडलं.

"साहेब, वरून आदेश आहे."

"मग वर कळवा, खाली मी बसलोय."

पुढच्या वेळी पक्षाने तिकीट कापलं. बाबा अपक्ष उभे राहिले.

प्रचार कुणी केला? कोळणींनी. लांब मनोरकडच्या गावांतून भाजी आणणाऱ्या बायांनी. त्यांचं स्वतःचं मत इथे नव्हतंच! पण गिऱ्हाइकाच्या पिशवीत वाटा टाकताना दम द्यायच्या, "मत भाऊला. नायतर उद्यापासून माझ्याकडे येऊ नको."

आले निवडून. दणक्यात.

ज्यांनी तेव्हा तिकीट कापलं, त्यांचीच नावं आज पोस्टरवर आहेत. फोन केला तर म्हणे, "ताई, साहेबांचा मान आहे हा."

जिवंतपणी हरवता आलं नाही, म्हणून मेल्यावर हरवताय होय?

राग येतोय मला. रडायला वेळच मिळाला नाही अजून.

आत्ता पार्वतीमावशी आली होती. आईच्या गळ्यात पडून खूप रडली. निघताना हळूच मला म्हणाली, "बाय, उद्या टोपली आणू का नको? पोरं धमकी देऊन गेलीत."

"आण. मी बसते तुझ्याशेजारी."

"अगो, सुतक हाय तुला!"

"असू दे."

लोक नावं ठेवतील. ठेवू देत. बापाला खांदा दिला तेव्हाही ठेवलीच की.

ज्याला श्रद्धांजली वाहायची आहे, त्याने उद्या पिशवी घेऊन यावं.

बाबा, या आता. मला सकाळी लवकर बाजारात जायचंय.