ओल्या रंगाचा किल्ला

लेकीची नागपूरला कला महाविद्यालयात प्रवेशाची मुलाखत होती. स्वतः काढलेलं तैलचित्र सोबत न्यायचं होतं. तिनं लाकडी फळीवर परदेशातला जुना दगडी किल्ला काढला होता. बुरूज तिकडचे, पण खालचा कडा लोणारच्या विवराचा, तसाच काळा आणि तुटका.

निघायच्या आदल्या दिवशी मी कड्याला बोट लावलं. रंग बोटाला आला.

"रंगाचं तेल संपलं होतं," ती म्हणाली. "मंग घरातलं जवसाचं टाकलं. दुकानातलंही जवसाचंच तं असते!"

असतं, पण तेलघाण्यावरून चटणीसाठी आणलेलं तेल इतक्या लवकर वाळत नाही. मी फळीच्या चारही कोपऱ्यांत बाटल्यांची झाकणं चिकटवली, वर पुठ्ठा ठेवला आणि सुतळीनं बांधलं. पुठ्ठा रंगाला टेकणार नव्हता.

बुलढाण्याहून नांदुऱ्याची बस धरली. कंडक्टर म्हणाला, "काकू, दरवाजा घेऊन चालल्या काय?"

"हाव. तुमच्या बसले लावाले."

घाटातल्या वळणावर शेजारी उभे असलेले एक काका तोल जाऊन कोपरानं पुठ्ठ्यावर पडले. पुठ्ठा मधोमध आत गेला. लेकीनं फळी माझ्याकडून ओढून घेतली.

नांदुऱ्याच्या फलाटावर उघडून पाहिलं. बुरूज शाबूत होते, पण अर्धा कडा पुठ्ठ्याला चिकटून वर आला होता. माझ्या यादीतली प्रत्येक वस्तू पिशवीत होती. रंग यादीत नव्हते.

काका आमच्यामागोमाग उतरले होते. "पोरी, मी मुद्दाम नाई पडलो वं."

"काका, धूळ येऊन राह्यली. वाऱ्याच्या आडवे उभे राहा," ती म्हणाली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला.

तिनं जेवणाच्या डब्यातला चमचा घेतला आणि दांड्यानं पुठ्ठ्यावरचा रंग खरडून परत फळीवर लावायला सुरुवात केली. गाडीची घोषणा झाली.

"उठ आता."

"थांब."

गाडी फलाटाला लागली. माणसं चढली.

"काऊन ऐकत नाहीस? गाडी सुटते!"

"आई, मले बोलू नको."

मी पिशव्या डब्यात टाकल्या आणि एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिले. शिट्टी झाली तेव्हा ती उठली. काकांनी फळी वर दिली. पुन्हा बांधायला वेळ नव्हता. नागपूरपर्यंत फळी आम्ही दोघींनी आळीपाळीनं उघडीच धरली. कोणी जवळून गेलं की मी फळीपुढे हात आडवा धरायचे.

मुलाखतीच्या खोलीत पालकांना सोडत नव्हते. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?"

"सरांनी कडाच पाह्यला. कशानं केला म्हणे."

"मग?"

"चमच्यानं, म्हणलं."

"अन् मग?"

"म्हणे, प्रवेशाची कागदपत्रं खालच्या खिडकीत जमा करा."