जोत्यातली राख

मी वैरागजवळच्या एका गावात ग्रामसभेला गेले होते. मी सोलापूरच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना मातीचा विषय शिकवते. त्या गावाला वस्तीपासून शाळेपर्यंत रस्ता हवा होता आणि सरपंचांनी मला सल्ला द्यायला बोलावलं होतं. तिथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचा रस्ता उखडून टाकते. म्हणून आधी मुरमाचा भराव घालायचा असतो. पण मुरूम काढून काढून गावची टेकडी निम्म्याच्या वर खरवडली गेली होती.

मी म्हणाले, "मुरूम नको. वीजकेंद्रातली कोळशाची राख आणू. ढिगाने पडून असते. नीट दाबली तर मातीचं काम करते, आणि काळ्या मातीसारखी फुगत नाही."

मागच्या रांगेतून एक पन्नाशीची बाई उठली. वस्तीतली. तिची नातवंडं त्याच चिखलातून शाळेत जायची. तिने विचारलं, "बाई, तुमच्या घराखाली घालताव का ही राख?"

सभेत हशा पिकला. ती मात्र हसत नव्हती. मी काहीतरी तांत्रिक बोलले, आणि बोलतानाच कळलं, की हे उत्तर नाही. परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं. आमच्या घराचं बांधकाम त्याच महिन्यात सुरू होणार होतं. विजापूर रोडच्या बाजूला घेतलेला छोटा प्लॉट, तोही काळ्या मातीचा. जोत्यात, म्हणजे फरशीच्या खाली, भराव लागणारच होता; तो राखेचा करायचा.

आईला सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"अगं, तुझ्या बाबांची राख मी भीमेत सोडून आले. आणि आता घरात राख भरायची म्हणतेस?"

आकडे आणि अहवाल आईपुढे ठेवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. ट्रेमध्ये राख होती. तिने चिमूट घेऊन बोटांत चोळली.

"चुलीतल्या राखेपेक्षा बारीक आहे," ती म्हणाली. "आम्ही भांडी राखेनेच घासायचो. कडधान्यालाही राखच लावून ठेवायचो. ठीक आहे, घाल. पण देवघराखाली मुरूमच पाहिजे."

मी कबूल केलं. तसं करायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आईला तेवढी जागा द्यावीशी वाटली.

मिस्त्री मात्र आईपेक्षा अवघड निघाले. "म्याडम, तीस वर्षं झाली घरं बांधतोय. असलं कुणी सांगितलं न्हाय," म्हणाले आणि पहिल्या थरावर सरळ पाण्याचा पाइप सोडून दिला. राखेचा रबडा झाला. दाबायचं यंत्र त्यात रुतून बसलं, कामगारांचे पाय पोटरीपर्यंत गेले.

"काढा सगळी," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. वाळवू आणि परत भरू."

कॉलेजातून मी दहा दिवसांची रजा काढली. सकाळी सातला साइटवर जायचे. राख पसरली की मूठ वळून बघायची. लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये, तेवढंच पाणी. वीतभर थर, मग यंत्र, मग त्याचा नमुना काढून वजन. कमी भरला तर पुन्हा दाबायचा. वारा सुटला की राख उडायची, म्हणून ओली गोणपाटं अंथरायची. चौथ्या थराला मिस्त्री स्वतःच मूठ वळून बघू लागले. "आता बरोबर हाय की," असं मला न विचारताच सांगू लागले. वरती मुरमाचा जाड थर दिला, काँक्रीट केलं, फरशी बसवली. आम्ही राहायला गेलो.

एक पावसाळा गेला. दिवाळीच्या झाडलोटीत आईला देवघराच्या उंबऱ्याशी फरशीत एक भेग दिसली. केसाएवढी बारीक, दोन हात लांब. एका बाजूला मुरूम, दुसऱ्या बाजूला राख. दोन्ही भराव सारखे दबले नव्हते. आईने त्यावर सतरंजी टाकली आणि वरमून म्हणाली, "माझ्यामुळेच झालं ना?"

"जोड नीट दाबून घेणं माझं काम होतं," मी म्हणाले.

गावचा रस्ता अजून कागदावरच होता. मी सरपंचांना फोन केला आणि सांगितलं, ग्रामसभेत ज्या बाईंनी प्रश्न विचारला त्यांना माझ्या घरी पाठवा. त्या सुनेला घेऊन आल्या. सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरल्या, टाच आपटून बघितली. सगळं ठीक दिसत होतं. देवघराशी आल्या तेव्हा मी सतरंजी उचलली.

त्या वाकल्या, भेगेवरून बोट फिरवलं. "ही कशानं?"

मी कारण सांगितलं. आईची अट, माझी चूक, सगळं. आई स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभी होती.

"झाकून ठिवलं असतं तर मला कळलं बी नसतं," त्या म्हणाल्या.

"रस्त्यावर असंच कुठे झालं तर तुम्हाला आधी कळायला हवं."

चहा झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला. "आमच्या हिरीचं काय? ही राख पान्यात उतरली मंजी?"

"उतरू शकते. कोळशाच्या राखेत थोडे धातू असतात," मी म्हणाले. "म्हणून विहिरीकडच्या तुकड्यात राख घालायची नाही. बाकीकडे दोन्ही कडांना आणि वर मातीचं जाड कवच द्यायचं, म्हणजे पावसाने धुपणार नाही. आणि विहिरीचं पाणी आधी तपासायचं, नंतरही तपासत राहायचं."

"कोण तपासणार?"

"मी."

"लिहून द्या."

मी तिथेच वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

पुढच्या ग्रामसभेत रस्त्याची बाजू त्यांनीच मांडली. मी एका शब्दानेही बोलले नाही. ठेकेदाराने मातीचं कवच पातळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचा डंपर त्यांनी आणि वस्तीतल्या चार बायांनी अडवला आणि मला फोन केला. मी पोचले तोवर कडा पुन्हा रुंद करणं सुरू झालं होतं.

रस्ता झाला. त्यावरून दोन पावसाळे गेले. एका ठिकाणी कड थोडी धुपली, ती माती घालून दाबून घेतली. विहिरीचं पाणी आजवर चांगलं आलं आहे. तरी दर तीन महिन्यांनी मी बाटल्या घेऊन तिकडे जाते. त्या बाई स्वतः बादली सोडतात, बाटली आधी दोनदा विसळतात, आणि झाकण घट्ट लागलं की नाही ते बघूनच माझ्या हातात देतात.