बारका गिअर

सोपानच्या जीपला दोन गिअर आहेत. मोठा सोपानचा. त्याच्या बाजूला, जमिनीतून वाकडं उगवल्यासारखा दुसरा बारका गिअर आहे, तो जानकाबाईचा. नवराबायकोत ही वाटणी कधी बोलून झाली नाही. तशी पडत गेली.

डांबरावर जीपची मागची दोनच चाकं ओढतात. चिखल किंवा चढ आला की बारका गिअर पुढे ढकलायचा, म्हणजे चारी चाकं कामाला लागतात. अजून पुढे ढकलला की तो 'लो'मध्ये जातो, आणि मग गाडी म्हाताऱ्या बैलासारखी हळू पण हट्टी होते. जीप लिलावातली, जुनी. तिचं एकच दुखणं होतं: लोमध्ये गिअर टिकत नसे. ऐन चढावर जोर पडला की उसळून मागे यायचा आणि मधल्या कोऱ्या जागेत जाऊन बसायचा. तिथे इंजिन नुसतं ओरडतं. चाकांना काही ऐकू जात नाही.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा जानकाबाई सहज म्हणून बरोबर गेली होती. सोपानचे दोन्ही हात स्टेअरिंगला गुंतलेले. तिने चप्पल काढली, उजवा पाय बारक्या गिअरला लावला आणि दाबून धरला. गाडी चढली. त्यानंतर गाडी लांबच्या भाड्याला निघाली की जानकाबाई डाव्या सीटवर असायचीच.

तोपर्यंत तिचं आयुष्य कांद्याच्या पातीएवढ्या उंचीचं होतं. वाकून लागण, वाकून खुरपणी, वाकून काढणी, तीही दुसऱ्यांच्या वावरात. गाव सोडून कुठे जाणं म्हणजे माहेर, नाहीतर विहारात कार्यक्रम असला तर शेजारचं गाव. जीपमध्ये बसल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की जमीन लांबून बघता येते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या तबकड्या वर तोंड करून उभ्या असतात, त्यांच्याकडे बघून ती एकदा म्हणाली होती, "यांचं बरंय. यांना कुनी वाकायला लावत न्हाई."

भाडं असायचं आंबेगावच्या पश्चिमेचं. डिंभे धरणाच्या पाण्यामागे ज्या वाड्या आहेत, तिथे टेम्पो चढत नाही. पाण्याच्या टाक्या, सिमेंटचे पत्रे, पिठाची गिरणी, एकदा तर नवरीचं कपाट, सगळं या जीपने वर नेलं. सोपान सामान उतरवायचा आणि जानकाबाई उंबऱ्यावर बसायची. वाड्यांतल्या बायका तिला काय काय सांगायच्या. कुणाची पाळी चुकलेली, कुणाचा नवरा मुंबईला जाऊन गप्प झालेला. ती उत्तर देत नसे. पुढच्या खेपेला गोळ्या आणायची, दोरा आणायची, आणि कुणा दुसरीचा निरोप. भाड्याचा फोनही हळूहळू तिच्याच मोबाईलवर यायला लागला. "मावशी हाय का? मंग पाठवा गाडी."

या उन्हाळ्यात, डिंभ्यामागच्या त्याच चढाला, भरलेली टाकी घेऊन जाताना तिचा पाय सरकला. गिअर उसळला. जीप मागे यायला लागली आणि मागे दरी होती. सोपानने ब्रेकवर उभं राहून ती आंब्याच्या बुंध्याला टेकवली. दोघं खाली उतरले. जानकाबाईच्या नडगीवर काळंनिळं उठलं होतं. आंब्याचं साल निघालं होतं, आणि आत ओलं पांढरं दिसत होतं. ती बराच वेळ तिथेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन आळेफाट्याला सयाजी मिस्त्रीकडे गेले. सयाजीने ट्रान्सफर केस, म्हणजे ती बारक्या गिअरची पेटी, खाली उतरवून उघडली.

"भाऊ, यात गिअर धरून ठेवायला एक स्प्रिंग असती. ती मेलीय. आन ही बघ गिअर सरकवनारी कैची, झिजून पार नखावानी झालीय. इतकी वर्सं चालवली कशी रं?"

सोपानने बायकोकडे बोट दाखवलं.

"वहिनी म्हंजे स्प्रिंगच की राव," सयाजी हसला. "आता बसवू नवी. वहिनींना सुट्टी."

सोपानही हसला. "लई हाल काढले तिनं. आता घरी बसून आराम करू दे."

तो हे मनापासून बोलला. म्हणूनच जानकाबाईला काही म्हणता आलं नाही. गाडी नीट व्हायला हवी होती, हे दरी बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण परतताना गिअर चढावर आपापला जागेवर बसून राहिला, तेव्हा तिने पाय जवळ ओढून घेतला. त्याचं काय करायचं ते तिला सुचेना.

पुढच्या भाड्याला सोपान एकटा गेला. त्यापुढच्यालाही. वाडीवरून फोन आला, "मावशी, तुमी न्हाई आल्या?" ती म्हणाली, "गाडी बरी झाली बाई." आणि गाडी बरी झाल्याचं कुणी इतक्या पडक्या आवाजात सांगतं का, असं तिचं तिलाच वाटलं.

परतीच्या पावसात बेल्ह्याचा बाजार भरला. अशा बाजारात गुरांचे टेम्पो हमखास रुततात आणि जीपला काम मिळतं. सोपान सकाळीच गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"त्या सयाज्यानं वाट लावली गाडीची. बारका गिअर हालंना. स्टेअरिंग दगडावानी झालंय. वळताना गाडी उड्या मारती."

"कुठं हायसा?"

"बाजाराच्या फाट्यावर. आळ्यापतुर जाऊन माघारी आलो. पेटीच गेली समदी."

जानकाबाईने विचारलं, "चिखलातून निघाल्यावर मागं वढला व्हता का?"

"काय?"

"गिअर. डांबर लागल्यावर."

"मागं कशाला वढायचा?"

इतकी वर्षं डांबर लागलं की गिअर मागे ओढायचं काम तिचं होतं. सोपानला ते काम आहे हेच माहीत नव्हतं. लो काढून त्याने चारी चाकं तशीच ठेवली आणि तो कोरड्या सडकेवर पळत राहिला. डांबरावर चाकांना घसरायला जागा नसते. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, आणि तो सगळा पीळ त्या पेटीत जमा होत राहतो. मग गिअर आवळून बसतो. आधीच्या एकट्या खेपांना सडक पावसाने ओली होती, म्हणून निभावलं होतं.

"वढू नका आता," ती म्हणाली. "मी येते."

ती बाजाराला निघालेल्या एका टेम्पोतून आली. जीपभोवती माणसं जमली होती. सोपान दोन्ही हातांनी गिअर ओढत होता.

"सोपानराव, बैल जुपा आता, बैल!" एक व्यापारी म्हणाला. "बाजारात लई हायेत."

"वहिनीला आणलं व्हय? आता मातूर निघतोय गिअर," दुसरा हसला.

सोपान घामेजला होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "तू सांग, मी करतो."

"सांगून व्हनार न्हाई. पायाला कळतं ते. उतरा तुमी."

तो उतरला. कापणी झालेल्या वावरात त्याने तिला एकदा जीप मागेपुढे करायला शिकवलं होतं, गंमत म्हणून. ती गंमत तिने जपून ठेवली होती. ती उजव्या सीटवर बसली. पदर खोचला, चप्पल काढली. मोठा गिअर रिव्हर्सला टाकला आणि गाडी सावकाश मागे घेत डावीकडची दोन्ही चाकं सडकेखालच्या ओल्या मातीत उतरवली. चाकं तिथे जराशी घसरली. खालून पेटीतून टणकन आवाज आला, गाठ सुटल्यासारखा. तिने डावा हात बारक्या गिअरवर ठेवला आणि तो मागे आला. जोर लावावाच लागला नाही.

"पेटी चांगलीय," ती म्हणाली. "सयाजीला उगा शिव्या दिल्या."

व्यापारी म्हणाला, "सोपानराव, मालक बदलला का गाडीचा?"

"मालकीण तीच हाय," सोपान म्हणाला. "डायवर बदलतोय."

तो गमतीत बोलला होता की कसं, हे त्यालाही नीट माहीत नसावं. पण तो जीपला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि बसला. आधी तिथे कधी बसला नव्हता. गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"मी काय धरू आता?"

"काय बी नका धरू. कच्च्या रस्त्यानं जाऊ घरी, वावरावावरातनं. पाटलाच्या मळ्याशी डांबर लागंल, तितनं तुमी चालवा."

आता जानकाबाईकडे शिकाऊ लायसन आहे. परीक्षेचा रस्ता तिला सोपा वाटतो, फार सपाट आहे म्हणते. डिंभ्यामागच्या वाड्यांवर दोघं पुन्हा बरोबर जातात. चढाचा कच्चा रस्ता ती चालवते, आणि तो आंबा येतो तिथे आपोआप हळू होते. साल निघालेल्या जागी कडेने नवी साल धरायला लागली आहे. उतरताना सोपान डाव्या सीटवरून पुढचा रस्ता बघत असतो आणि काळी सडक दिसली की मोठ्याने ओरडतो:

"डांबर!"

तिचा हात तेव्हा गिअरवर पोचलेला असतो. तरी ती त्याला ओरडू देते.