नदीचं तिसरं वळण

चंपतराव ठवकर सरांचा मला आजही राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. सर नागपूरच्या एका कॉलेजात परिसरशास्त्र शिकवायचे, मी त्यांची विद्यार्थिनी. शनिवारी दुपारी नंदनवनातल्या त्यांच्या घरी आम्हा सात-आठ जणांचा वेगळा वर्ग भरे. पंच्याहत्तर साली तो कायमचा बंद पडला. तिथे जंगलाचा अभ्यास गोष्ट करून सांगावा लागे, तोही शेजारच्या इंदूबाईंपुढे. इंदूबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. त्या मध्येच उठून गेल्या की आम्ही नापास. नेमकं ठिकाण सांगितलं नाही तरी सर भडकायचे. ठिकाण नसलं की ती अफवा होते, म्हणायचे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात सर आम्हाला पारशिवनीकडे घेऊन गेले. तिथे नदीवर मासे धरणाऱ्या रुखमाबाईने त्यांना दोन वर्षं पारखलं होतं, आणि आता कुठे ती पाणमांजरं दाखवायला तयार झाली होती. जाळ्यातला पहिला मासा ती पाणमांजरांसाठी खडकावर ठेवायची. तिची सासूही ठेवायची. थोड्या वेळाने पाण्यातून पाच ओली डोकी वर आली, आणि सगळ्यांत लहान पिल्लू मासा घेऊन पसार झालं. सर टाळ्याच वाजवणार होते, रुखमाबाईने त्यांचा हात धरला.

महिन्याभराने सरांना रेडिओवर बोलायला बोलावलं. ठिकाण सांगू का, असं त्यांनी मला विचारलं. मी मोठी शहाणी, म्हटलं, सर, तुमचाच तर नियम आहे. सर इतकं सुरेख बोलले, की इंदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पारशिवनीच्या वर, नदीचं तिसरं वळण, अर्जुनाच्या जोडझाडाखालचा खडक. सगळं सांगितलं.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा काठावर सापळ्यांचे खुंट तेवढे उरले होते. कातडी विकणारे लोक परगावहून आले होते. रेडिओवर ऐकलं, असं त्यांनीच रुखमाबाईला सांगितलं होतं. पाचही गेली. खडकावरचा मासा वाळून काळा पडला होता.

रुखमाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आपल्या चार वर्षांच्या नातीला, गोपिकाला, सरांपुढे आणून बसवलं.

"इनं एकडाव बी नाई पाह्यलं त्यायले," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा इले, मास्तर. तुमाले चांगलं सांगता येते."

सर त्या पोरीपुढे उकिडवे बसले. दोन्ही हातांनी त्यांनी पिल्लाचा आकार करून दाखवला, एवढंसं. हात तसेच हवेत धरून बसले. पोरगी त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली, आणि मग उठून निघून गेली.